एका मताने निवडून आलेला नगरसेवक

गेल्या पालिका निवडणुकीच्या आधीची गोष्ट आहे. रविवारची सकाळ होती. बाजारातून मासळी आणून मी नुकताच पेपर उघडला होता, तेवढ्यात माझी भाची आली. बरोबर तिची आई, म्हणजे माझी बहीण. बहिणीचा चेहरा पाहूनच लक्षात आलं की घरी काहीतरी वादावादी झालेली आहे. भाचीने ठरवलं होतं, प्रभागातून उभं राहायचं. आमच्या सात पिढ्यांत कोणी पंच म्हणूनसुद्धा निवडणूक लढवलेली नाही. बहिणीचं म्हणणं, चांगल्या घरच्या मुलीने या घाणीत कशाला पडावं. भाचीचं म्हणणं, घाण आहे म्हणूनच.

तिने एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "मामा, पत्रकाचेर कितें बरोवया?"

मला हसू आलं. आमच्याकडे पालिकेच्या निवडणुकीची पत्रकं सगळी एकाच छापखान्यात एकाच मजकुराची छापली जातात की काय, अशी शंका मला दर पाच वर्षांनी येते. सर्वांगीण विकास, स्वच्छ पाणी, चकाचक रस्ते, पार्किंगची सोय, आणि खाली हात जोडलेला फोटो. पॅनल बदललं तरी मजकूर तोच. मी तिला म्हटलं, "हे बघ, मी सरकारी नोकर. मला कुणाचा प्रचार करता येत नाही, तुझाही नाही. पण एक जुनी गोष्ट सांगायला सरकारची काही हरकत नसावी."

ती गोष्ट आज तुम्हालाही सांगावीशी वाटते. गोष्ट अहमदाबादची आहे. साल १९१७.

त्या वर्षीच्या जानेवारी महिन्यात अहमदाबाद म्युनिसिपालिटीच्या दरियापूर प्रभागात एक पोटनिवडणूक झाली. एका बॅरिस्टरने ती लढवली. वय एक्केचाळीस. निवडणूक लढवायची ही त्याची पहिलीच वेळ. तो निवडून आला तो अवघ्या एका मताने. पुढे कोर्टाने ती निवडच रद्द ठरवली, आणि मे महिन्यात पुन्हा निवडणूक लागली तेव्हा तो बिनविरोध आला. त्याचं नाव वल्लभभाई झवेरभाई पटेल.

सरदार म्हटलं की आपल्याला आठवतात ती साडेपाचशेंवर संस्थानं, हैदराबाद, जुनागढ. शाळेच्या पुस्तकात आपण तेवढंच वाचलेलं असतं. पण या माणसाच्या सार्वजनिक आयुष्याची पहिली पायरी कुठली, तर एका प्रभागाची जागा. तिथे त्याच्या टेबलावर येत होते ते नळाचे, गटारांचे आणि एका तळ्याच्या जमिनीचे कागद. मला ही गोष्ट आवडते ती त्यामुळेच. मी स्वतः आयुष्यभर असलेच कागद हाताळत आलो आहे ना!

आधी हा उमेदवार कोण होता ते पाहू. वल्लभभाई मूळचे करमसदचे, शेतकरी पाटीदार कुटुंबातले. जन्म नडियादला, आजोळी. शिक्षण रखडत रखडत झालं. मॅट्रिक व्हायला वयाची बाविशी उजाडली. कॉलेजात जायला पैसे नव्हते, म्हणून डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा दिली आणि १९०० साली गोध्र्याला वकिली सुरू केली. नंतर बोरसदला आले. फौजदारी खटल्यांत त्यांचं नाव झालं. पैसे साठवून विलायतेला जायचं आणि बॅरिस्टर व्हायचं हा बेत जुनाच होता. १९०५ साली प्रवासाचे कागद आले, पण पाकिटावर नाव होतं 'व्ही. जे. पटेल'. थोरले भाऊ विठ्ठलभाई, तेही व्ही. जे. पटेल! मोठ्या भावाच्या मागाहून धाकट्याने जाणं बरं, असं विठ्ठलभाईंनी म्हटलं आणि वल्लभभाईंनी कागद त्यांना देऊन टाकले. खर्चही दिला.

१९०९ साली पत्नी झवेरबा मुंबईत शस्त्रक्रियेनंतर वारल्या. तार आली तेव्हा वल्लभभाई कोर्टात उलटतपासणी घेत होते. तार वाचली, खिशात ठेवली, तपासणी पुरी केली. कोणी याला कर्तव्यनिष्ठा म्हणतं, कोणी कोरडेपणा. मला वाटतं, हातातलं काम अर्धवट टाकणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. १९१० साली ते एकदाचे विलायतेला गेले, मिडल टेंपलचा अभ्यासक्रम ठरल्या मुदतीच्या आधी संपवला आणि १९१३ मध्ये परत येऊन अहमदाबादेत वकिली थाटली. सूट, कॉलर, टाय. संध्याकाळी गुजरात क्लबमध्ये ब्रिजचा डाव. दोघा भावांनी वाटणी करून घेतली होती असं सांगतात: विठ्ठलभाईंनी देशसेवा करावी, वल्लभभाईंनी घर चालवावं.

या क्लबमधला एक प्रसंग आपल्या मराठी माणसामुळे इतिहासात राहिला आहे. गणेश वासुदेव मावळंकर तेव्हा अहमदाबादेत नवीन वकील होते. घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचं, जन्म बडोद्याचा, शिक्षण आणि वकिली अहमदाबादची. कोकणातून निघून गुजरातेत रुजलेली अशी कितीतरी मराठी घरं, आपल्या गोव्यातल्या कितीतरी घरांना ती ओळखीची वाटतील. एकदा गांधीजी क्लबात भाषणाला आले. मावळंकर पटेलांच्या टेबलाशी बसून डाव बघत होते. ते उठून गांधींकडे निघाले तेव्हा वल्लभभाईंनी त्यांची थट्टा केली. तिथे जाऊन काय ऐकणार, गव्हातले खडे निवडता येतात का एवढंच तो तुम्हाला विचारेल, आणि म्हणे त्यातून स्वराज्य येणार, अशा अर्थाचं ते बोलले. गांधी आश्रमात येणाऱ्यांना धान्य निवडायला बसवीत, त्यावरचा हा टोमणा. ही आठवण नंतर मावळंकरांनीच सांगितलेली आहे.

आणि काळाची गंमत पाहा. हा टोमणा मारणारे बॅरिस्टर वर्ष-दीड वर्षाच्या आत म्युनिसिपालिटीत जाऊन खडेच निवडू लागले.

ते उभे का राहिले? त्यांच्या पत्रकावर काय होतं हे विचारणं आजच्या अर्थाने बरोबर नाही. तेव्हा मतदार थोडे, मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटीत बसणारे. घरोघर पत्रकं वाटण्याचा तो जमाना नव्हता. पण त्यांना उभं करणाऱ्या वकीलमंडळींच्या मनात एक अगदी नेमका मुद्दा होता. त्या सुमारास सरकारने कायद्यात बदल करून मोठ्या शहरांच्या म्युनिसिपालिट्यांवर आयसीएस दर्जाचा कमिशनर नेमायला सुरुवात केली होती. अहमदाबादेत हा कमिशनर होता शिलिडी नावाचा इंग्रज. लोकांनी निवडलेले सभासद ठराव करायचे आणि साहेब ते बाजूला ठेवायचे, असा कारभार. सभासदांना तुच्छतेने वागवण्याबद्दल साहेबांचं नाव झालं होतं. त्यांच्यासमोर उभा राहील असा एखादा माणूस पाहिजे होता. बोरसदच्या कोर्टात न्यायाधीशांनाही न बिचकणारा वकील त्या कामाला योग्य वाटला.

म्हणजे या पहिलटकर उमेदवाराची भूमिका एका वाक्यात सांगता येते: म्युनिसिपालिटीचा नोकर हा म्युनिसिपालिटीला जबाबदार असला पाहिजे, मग तो कितीही मोठ्या पगाराचा साहेब असो.

त्यांनी हे कसं केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी सभेत आरडाओरडा केला नाही, मोर्चा नेला नाही. शहरातल्या एका तळ्याच्या जमिनीचा वाद होता. ती एका आगपेटीच्या कारखानदाराच्या ताब्यात होती, पालिकेला ती परत पाहिजे होती, आणि कमिशनरांचं वागणं कारखानदाराला अनुकूल होतं. वल्लभभाईंनी त्या प्रकरणाचे कागद बाहेर काढले. पालिकेने काय ठरवलं, साहेबांनी काय लिहिलं, काय करायचं टाळलं, हे खटल्यासारखं मांडलं. मग कमिशनरांच्या वर्तनावर ठपका ठेवणारा आणि त्यांना इथून न्या असं सरकारला सांगणारा ठराव सभागृहापुढे आणला. ठराव पास झाला. अखेर सरकारने शिलिडींना अहमदाबादहून हलवलं. पहिल्याच वर्षी, एका प्रभागाच्या सभासदाने एका आयसीएस अधिकाऱ्याला हलवलं, तेही त्याच्याच कचेरीतल्या कागदांच्या जोरावर.

इथे मला थोडं स्वतःबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट मी इतक्या आवडीने सांगण्यात थोडा खोटेपणा राहील.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी ज्या कचेरीत होतो तिथे एक नवा नगरसेवक येत असे. पहिल्यांदाच निवडून आलेला, साधा माणूस, छोटं दुकान चालवणारा. त्याच्या प्रभागात गटाराचं काम झालं होतं. कागदावर गटार जेवढं लांब होतं तेवढं ते जमिनीवर नव्हतं, असं त्याचं म्हणणं. त्याने त्या कामाचं मेजरमेंट बुक बघायला मागितलं. इतर नगरसेवक यायचे ते साहेबांच्या केबिनमध्ये चहा घेऊन जायचे. हा माझ्या टेबलाशी उभा राहिला. मला वरून सांगण्यात आलं, फाइल सापडत नाही म्हणून सांग. मी सांगितलं. तो तीनदा आला. तिन्ही वेळा मी तेच सांगितलं. फाइल माझ्या मागच्या कपाटात होती. चौथ्यांदा तो आला नाही. पुढच्या निवडणुकीत तो पडला.

मी लहान माणूस होतो, नोकरी नवी होती, घरी दोन मुलं. ही सगळी कारणं खरी आहेत. पण शिलिडीची गोष्ट वाचताना आपण वल्लभभाईंच्या बाजूने उभे आहोत असं समजणं मला फार सोपं जाऊ नये म्हणून हे लिहून ठेवतो. शिलिडी साहेबांच्या कचेरीतही एखादा कारकून असेलच. तळ्याचे कागद त्याने मुकाट काढून दिले असतील, की तीनदा हेलपाटे घालायला लावले असतील, कोण जाणे.

असो. पुढची गोष्ट.

साहेब गेला म्हणजे काम झालं असं मानून वल्लभभाई ब्रिजच्या टेबलाकडे परतले असते तर त्यांची आठवण आज कोणी काढली नसती. त्यांनी मागून घेतलं ते आरोग्याचं काम. सॅनिटरी कमिटीचे ते अध्यक्ष झाले. दोन लाखांवर वस्तीचं शहर, तटबंदीच्या आत दाटीवाटीने बसलेल्या पोळा. पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत असलेली चिंचोळी वस्ती, आपल्याकडच्या वाड्यासारखी, पण घराला घर चिकटलेलं. त्यात गिरण्यांमुळे दरवर्षी वाढणारी कामगारांची गर्दी.

इथे एक मागची आठवण सांगायला पाहिजे. या शहराला नळ आणि भुयारी गटार मिळवून देण्याचं काम वल्लभभाईंच्या आधीच सुरू झालेलं होतं. ते रणछोडलाल छोटालाल यांनी केलं. १८६१ साली शहरातली पहिली कापडगिरणी चालू करणारे हे गृहस्थ १८८५ मध्ये म्युनिसिपालिटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. नळाचं पाणी आणि गटारं आणायची म्हटल्यावर लोकांनीच केवढा विरोध केला! कर वाढेल ही भीती, आणि विहिरीचं पाणी सोडून पाइपातलं पाणी प्यायचं हा धर्मसंकटाचा मुद्दा. रणछोडलालांनी सगळं सोसलं आणि काम रेटलं. सांगायचा हेतू असा की गटार बांधणं हे कधीच लोकप्रिय काम नव्हतं. ते जमिनीखाली जातं, दिसत नाही, आणि त्याच्या उद्घाटनाला कोणी फुगे लावत नाही.

१९१७ च्या अखेरीस अहमदाबादेत प्लेग आला. शाळा बंद, कोर्टं बंद, ज्यांना शक्य ते गाव सोडून गेले. गांधीजींचा आश्रम कोचरबहून साबरमतीच्या काठी हलला त्यालाही प्लेगच कारण झाला. वल्लभभाई शहरातच राहिले. पालिकेच्या माणसांबरोबर गल्ल्यांतून फिरत, गटारं साफ होतात की नाही, औषध फवारलं जातं की नाही ते बघत. कमिटीचा अध्यक्ष म्हणून बंगल्यावर अहवाल मागवता आला असता. पुढच्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हाही तात्पुरतं इस्पितळ उभं करण्यात ते पुढे होते.

कोविडची दोन वर्षं आपण सगळ्यांनी काढलेली आहेत. त्या दिवसांत आपल्या प्रभागाचा माणूस दारात आला होता की नाही, हे प्रत्येकाला आठवत असतं. त्याने केलेलं भाषण कोणाच्या लक्षात नसतं.

१९१८ मध्ये खेड्याचा सत्याग्रह झाला आणि वल्लभभाईंची कॉलर-टाय सुटली. ते मोठ्या राजकारणात ओढले गेले. पण म्युनिसिपालिटी सोडली नाही. १९१९ मध्ये मावळंकरही सभासद म्हणून आले. एकाच क्लबातले ते दोघे आता एकाच सभागृहात. असहकाराच्या दिवसांत पालिकेने आपल्या शाळांसाठी सरकारी अनुदान नको आणि सरकारी तपासणीही नको असा पवित्रा घेतला. शाळा शहराच्या, खर्च शहराचा, तर हुकूमही शहराचाच. सरकारने १९२२ च्या फेब्रुवारीत म्युनिसिपालिटीच बरखास्त केली. मूळ प्रश्न पुन्हा तोच, फक्त आता समोर एक साहेब नसून सगळं सरकार होतं.

१९२४ साली निवडून आलेली म्युनिसिपालिटी परत आली आणि वल्लभभाई अध्यक्ष झाले. त्या एक-दोन वर्षांतली यादी बघितली तर आश्चर्य वाटतं. मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल, अलाहाबादेत जवाहरलाल नेहरू, पाटण्यात राजेंद्रप्रसाद, कलकत्त्याचे महापौर चित्तरंजन दास आणि त्यांच्या हाताखाली मुख्य कार्यकारी अधिकारी सुभाषचंद्र बोस! पुढे देश चालवणारी माणसं त्या वेळी नळपट्टीच्या आणि कचऱ्याच्या ठरावांवर सह्या करत होती. आपल्या पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष म्हणून गोपाळराव गोखल्यांनी त्याआधीच हे काम केलेलं होतं.

वल्लभभाई १९२८ पर्यंत अध्यक्ष होते. या चार वर्षांत काय झालं? पाणीपुरवठा वाढला, गटारं जुन्या तटाबाहेर गेली, आणि नदीपलीकडच्या एलिसब्रिज भागासाठी नगररचनेची योजना आखली गेली. या नगररचनेबद्दल दोन शब्द सांगतो, कारण गोव्यातल्या वाचकाला जमिनीचा विषय निघाला की कान टवकारावे लागतात. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्यातली कल्पना अशी: एका भागातल्या सगळ्या मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यांची नव्याने आखणी करायची, रस्त्यासाठी आणि सार्वजनिक जागेसाठी प्रत्येकाकडून थोडा भाग घ्यायचा, आणि उरलेला नीट आकाराचा भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. कोणाला बेघर करायचं नाही आणि कोणा एकट्याचा फायदाही करायचा नाही. गुजरातेत ही पद्धत आजही वापरतात. वल्लभभाईंनी ती कागदावरून जमिनीवर आणायला हातभार लावला.

आणखी दोन गोष्टी. तेव्हाच्या कायद्यात एक कलम होतं, त्यामुळे स्त्रियांना म्युनिसिपालिटीत निवडून येता येत नसे. ते कलम काढून टाकावं अशी मागणी वल्लभभाईंनी पालिकेत केली. हे सांगितल्यावर भाचीने आईकडे असं काही बघितलं की बहिणीने पदर सावरून विषय बदलला! आणि दुसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. अहमदाबादच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे राणीच्या नावाच्या बागेत, लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला तो वल्लभभाईंच्या पुढाकाराने. १९२९ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

मावळंकरांनी हे काम पुढे चालवलं. १९३० ते ३३ आणि पुन्हा १९३५-३६ मध्ये ते अहमदाबादचे नगराध्यक्ष होते. नंतर मुंबई विधानसभेचे सभापती आणि १९५२ साली स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती. सभागृहात कोणाला किती बोलू द्यायचं, सरकारला प्रश्नांची उत्तरं द्यायला कसं लावायचं, याचे पायंडे त्यांनी पाडले. मला असं वाटतं की त्या पायंड्यांची काही मुळं अहमदाबादच्या त्या सभागृहात असावीत. हे माझं मत आहे, कोणी पटवून दिलं तर बदलीन.

आता आपल्याकडे येऊ. गोव्याला पालिका नवी नाही. पोर्तुगीजांनी लिस्बनच्या धर्तीवर सेनादो आणली ती सोळाव्या शतकात. अर्थात ती सर्वांची नव्हती. मुक्तीनंतर १९६८ चा नगरपालिका कायदा आला. १९९२ ची चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ च्या जूनपासून लागू झाली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा हे घटनेतच लिहिलं गेलं. बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांना देता येतील अशी अठरा कामं मोजून दिली आहेत. पाणी, आरोग्य, रस्ते, झोपडपट्टी सुधारणा, नगरनियोजनसुद्धा. वाचायला फार छान वाटतं. पण 'देता येतील' आणि 'दिली' यांच्यामधलं अंतर मोजायला कुठलं मेजरमेंट बुक नाही. आपल्या पालिकेचा मुख्याधिकारी सरकार नेमतं, सरकारच बदली करतं. साहेब आता इंग्रज नाही, आपलाच आहे, बहुतेक वेळा भला माणूस असतो. पण तो कोणाला जबाबदार, हा १९१७ चा प्रश्न मात्र तसाच जाग्यावर आहे.

म्हणून मी भाचीला सांगितलं, पत्रकावर 'विकास' लिहू नकोस. प्रभागात पायी फिर. कुठलं गटार कुठे तुंबतं, कुठल्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येतं, कचऱ्याची गाडी कुठे वळत नाही, हे वहीत लिहून काढ. त्यातली तीन कामं निवड. आणि निवडून आलीस तर सभेच्या आधी फाइल वाच. वल्लभभाईंचा वचक होता तो आवाजाचा नव्हता. समोरच्या माणसाला कळत होतं की याने कागद वाचलेले आहेत. आमच्या खात्यातल्या माणसाला ओरडणाऱ्या नगरसेवकाची भीती वाटत नाही, हे मी पंचवीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. तो ओरडून दमतो आणि घरी जातो. वाचून आलेल्याची भीती वाटते.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि फाइल सापडत नाही म्हणाले तर?"

बहीण आत चहा करत होती. मी जरा थांबलो. त्या दुकानदाराची गोष्ट मी तोपर्यंत घरात कोणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी भाचीला पहिल्यांदा सांगितली, कपाटासकट. तिने मला काही म्हटलं नाही, पण बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. आता तर माहितीचा अधिकार आहे, २००५ पासून. कागद मागायला नगरसेवक असण्याचीसुद्धा गरज नाही. दहा रुपयांचा अर्ज पुरतो. तेही तिला सांगितलं. आणि म्हटलं, "सापडत नाही म्हणाले तर चौथ्यांदा जा. फाइल तिथेच असते."

जाताना तिने कागद उचलला. त्यावर तिने तीन ओळी लिहिल्या होत्या. एक गटाराची, एक पाण्याच्या वेळेची, एक बाजारातल्या कचऱ्याची. खाली हात जोडलेल्या फोटोसाठी जागा सोडली होती. म्हटलं, एवढी तरी असू दे.